'टर्बिनिया' नौकेचीं दोन एंजिनें

आपल्या देवळाच्या महोत्सवाची ही स्मरणिका निघत असतां संपादकांनीं मजकडे एक ऐतिहासिक लेख मागितला. देवळाच्या पायाभरणीपासूनचा वृत्तांत ह्या अंकांत इतरत्र आलाच आहे. तोच पुन्हां लिहून वाचकांचा वेळ घेणें बरें नव्हे. म्हणून ज्या गोष्टीवरून गेल्या पावसाळ्यांत आपल्या बंदरावर रोज वाद चालत असे, तिचाच थोडासा इतिहास लिहावयाचें मीं ठरविलें.

तो वाद सर्वांच्या ध्यानांत असेलच. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेविलेल्या होत्या. एके सायंकाळीं चार तरुण नाखवे मजकडे आले व म्हणाले, "फादर, आमचीं एंजिनें आतां पुरत नाहींत. ओहोटीच्या तोंडावर होडी जागची हालत नाहीं. चौघांनीं मिळून मोठीं एंजिनें घ्यावीं असा विचार आहे. कर्जाच्या कागदावर तुमचा एक शब्द हवा." मीं त्यांस एवढेंच विचारलें, "पंखा कोणता घालणार?" तेव्हां ते एकमेकांकडे पाहूं लागले. पाद्रीबाबानें पंख्याची चौकशी करावी ह्याचें त्यांस नवल वाटलें असावें.

नवल वाटण्याचें कारण नाहीं. माझे वडील तांडेल होते. १९८५ च्या सुमारास, मी सेमिनरींत जाण्यापूर्वीं, आमच्या होडीवर एक सिलिंडरचें लहानसें एंजिन होतें. वारा अनुकूल असला म्हणजे शीड लावावयाचें आणि वारा पडला कीं एंजिन चालवावयाचें, अशी आमच्या घरची रीत. ओहोटीच्या उलट खाडींत शिरावयाचें झालें म्हणजे तें बिचारें धापा टाकी. मासळी घेऊन किनाऱ्यास लागेपर्यंत बाजार उठून जाई. म्हणून वडिलांनीं आईच्या अंगावरील सोनें गहाण टाकिलें, उरलेली रक्कम व्याजानें काढिली आणि दुप्पट शक्तीचें एंजिन आणिलें. विकणाऱ्यानें होडीची लांबी विचारिली नाहीं कीं पंखा पाहिला नाहीं. पैसे संपल्यामुळें जुनाच पंखा जुन्याच शाफ्टवर राहिला.

पहिल्या दिवशीं सारें घर किनाऱ्यावर उभें होतें. एंजिनाचा आवाज दुप्पट झाला, डिझेल अधिक जळूं लागलें, आणि होडी मात्र जवळजवळ पूर्वींच्याच चालीनें गेली. पुढें मागील बाजू थरथरूं लागली व शाफ्ट जेथून बाहेर पडतो त्या नळींतून पाणी आंत झिरपूं लागलें. वडिलांस वाटलें, एंजिनच खोटें निघालें. एक संपूर्ण हंगाम आम्हीं पाणी उपसण्यांत घालविला. त्या हंगामांत आईचें सोनें सुटलें नाहीं. तें पुढेंही सुटलें नाहीं. शेवटीं दुसऱ्या बंदरावरील एका वृद्ध मिस्त्रीस बोलाविलें. त्यानें एंजिनाकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. ओहोटीस होडी उघडी पडल्यावर तो मागें जाऊन गुडघाभर चिखलांत उभा राहिला, पंख्याच्या पात्यांवरून हात फिरविला आणि म्हणाला, "तांडेल, बैल दांडगा घेतलात, पण जूं वासराचें ठेविलेंत." नवा, मोठ्या व्यासाचा व अधिक पिळाचा पंखा बसविल्यावर तेंच एंजिन निमूटपणें काम करूं लागलें.

पुढें सेमिनरीच्या ग्रंथालयांत आगबोटींच्या इतिहासाचें एक पुस्तक हातीं लागलें, त्यांत वडिलांची ही गोष्ट मला जशीच्या तशी सांपडली. फरक एवढाच कीं तेथें तांडेलाच्या जागीं इंग्लंडांतील एक विख्यात इंजिनियर होता.

यंत्राची शक्ति वाढविली म्हणजे काम झालें, हा समज जुना आहे. आपल्या मुंबईच्या गोदींत नवरोजी जमशेटजी वाडिया ह्यांच्या हातून बांधली गेलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट घ्या. ती ४११ टनांची होती व तिच्यांत प्रत्येकीं ८० अश्वशक्तीचीं दोन एंजिनें होतीं. २० मार्च १८३० रोजीं ती मुंबईहून सुवेजकडे निघाली. तिच्या पोटांत सुमारें साडेपांच दिवसांचा कोळसा मावे आणि एडनपर्यंतचा प्रवास अकरा दिवसांचा! तेव्हां उतारूंच्या खोल्यांतून व कोठें जागा सांपडेल तेथें कोळसा रचिला, आणि बोट इतकी खोल बसली कीं पाणी काठाशीं आलें. एडनला लागली तेव्हां कोळसा जवळजवळ संपला होता. २२ एप्रिलला ती सुवेजला पोहोंचली, हें तिच्या कप्तानाचें धैर्य खरें. पण यंत्र जितकें मोठें तितकी त्याची भूकही मोठी, ही गोष्ट आपल्याच किनाऱ्यानें फार पूर्वीं पाहिली होती.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं.

चार्लस अल्जर्नन पार्सन्स ह्यांचा जन्म १३ जून १८५४ रोजीं लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील आयर्लंडांतील रॉसचे अर्ल. बर येथील आपल्या वाड्याच्या आवारांत त्यांनीं जी प्रचंड दुर्बीण उभारिली, ती त्या काळीं जगांत सर्वांत मोठी होती. अशा घरांतील मुलानें शिकाऊ म्हणून कारखान्यांत काम करावें हें तेव्हांच्या सरदारी रीतीस धरून नव्हतें. पण केंब्रिज येथील शिक्षण संपवून पार्सन्स एल्स्विकच्या कारखान्यांत दाखल झाले. १८८४ सालीं, गेट्सहेड येथील एका कंपनींत भागीदार असतांना, त्यांनीं वाफेचें टर्बाइन तयार केलें.

टर्बाइन म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. जुन्या बाष्पयंत्रांत वाफ दट्ट्यास पुढें लोटते, पुन्हां मागें लोटते, आणि त्या ये-जा करणाऱ्या गतीपासून दांड्यानें चाक फिरवावें लागतें. जड लोखंड प्रत्येक क्षणीं थांबवून उलट फिरवावयाचें, ह्यामुळें हादरे फार. टर्बाइनांत दट्ट्या नाहींच. चक्राच्या कडेस बारीक पातीं बसविलेलीं असतात व वाफ त्यांमधून वाहत जाऊन, वाऱ्यानें पवनचक्की फिरावी तसें तें चक्र सरळ फिरवीते. पार्सन्स ह्यांची खरी युक्ति ही कीं, वाफेचा सारा जोर एकाच चक्रावर न घालतां त्यांनीं तो अनेक चक्रांच्या रांगेवर थोडा थोडा वांटून दिला. पहिलें टर्बाइन मिनिटास १८,००० फेरे करी. त्यावर विजेचा डायनामो चाले.

१८८९ सालीं भागीदारांशीं मतभेद होऊन पार्सन्स बाहेर पडले व त्यांनीं हीटन येथें स्वतःचा कारखाना काढिला. पण पेटंट मागें राहिलें. स्वतःच्याच शोधास हात लावण्याची चोरी! मग त्यांनीं एक आडवाट काढिली. मूळ टर्बाइनांत वाफ शाफ्टच्या लांबीच्या दिशेनें वाहे. ह्या नव्यांत ती चक्राच्या मध्यापासून कडेकडे वाहत असे. पेटंट १८९४ सालीं परत मिळालें, परंतु तोंवर पांच वर्षें गेलीं होतीं. आगबोटीसाठीं त्यांनीं जें पहिलें टर्बाइन बांधिलें, तें ह्या आडवाटेच्या जातीचेंच होतें.

त्याच १८९४ सालीं त्यांनीं आगबोटीच्या टर्बाइनांसाठीं निराळी कंपनी काढिली आणि एक प्रयोगाची नौका बांधावयास घेतली. होडी पाण्यास किती अडते हें कळण्यासाठीं त्यांनीं प्रथम दोन फूट लांबीची प्रतिकृति केली आणि आपल्या घराजवळच्या तळ्यांत ती गळाच्या काठीनें व दोरीनें ओढून पाहिली. (अर्लचे चिरंजीव तळ्याकांठीं गळ घेऊन उभे आहेत आणि गळास मासा नसून होडी आहे, हें चित्र आपल्या बंदरावरील मुलांस फार आवडतें, मीं तें अनेकदां सांगितलें आहे.) ह्या शास्त्राचा पाया विल्यम फ्रूड ह्यांनीं घातला होता. टॉर्की येथें १८७२ च्या सुमारास लांब हौद बांधून त्यांत ते लहान नमुने ओढीत, आणि त्यांवरून मोठ्या जहाजाचा अडथळा काढण्याचा नियम त्यांनीं घालून दिला. त्यांच्या प्रयोगांनीं एक कटु सत्य पुढें आलें. वेग वाढत जातो तशी पाण्यांत उठणारी लाट वाढते आणि लाट उठविण्यांतच शक्ति खर्ची पडते. ढोबळ मानानें वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति आठपट लागते. आणि आपल्यासारख्या रुंद, पोटदार होड्यांस तर एका मर्यादेनंतर त्याहूनही अधिक. छत्तीस फुटी होडीची ही मर्यादा ताशीं आठ नॉटांच्या आसपास येते. (एक नॉट म्हणजे ताशीं सुमारें १.८५ किलोमीटर.) त्यापुढें ती स्वतःच उठविलेल्या लाटेची चढण चढूं लागते, आणि तेथें कितीही एंजिन घाला, तें डिझेल पिऊन पाणी घुसळीत राहतें.

म्हणून पार्सन्स ह्यांनीं आपली नौका सुईसारखी केली. लांबी १०० फूट, रुंदी केवळ ९ फूट, वजन सुमारें साडेचव्वेचाळीस टन. २ ऑगस्ट १८९४ रोजीं ती टाइन नदींत सोडली. नांव 'टर्बिनिया'. आंत एक टर्बाइन, एक शाफ्ट व एक पंखा.

नोव्हेंबरांत पहिली चांचणी झाली व सर्वांची निराशा झाली. टर्बाइन झपाट्यानें फिरत होतें, वाफ भरपूर होती, पण नौका अपेक्षित वेगाच्या जवळपासही जाईना. पंखा बदलला, पुन्हां चांचणी. पुन्हां बदलला. एका शाफ्टवर तीन पंखे बसवून पाहिले. अशा सुमारें तीस चांचण्या झाल्या. सर्वांत चांगला वेग मिळाला तो पावणेवीस नॉट; आणि तितका वेग तर जुन्या धर्तीचीं कित्येक जहाजें सहज गांठीत होतीं. कंपनीच्या भागधारकांचे पैसे नदींत बुडत होते. लोक म्हणूं लागले कीं टर्बाइन विजेच्या दिव्यांस ठीक, समुद्रांत त्याचें काम नाहीं.

माझ्या वडिलांच्या जागीं पार्सन्स असते तर? किंवा उलट म्हणूं: ह्या वेळीं पार्सन्स ह्यांनीं माझ्या वडिलांप्रमाणें 'एंजिनच खोटें' असें म्हणून तें फेंकून दिलें असतें तर? त्यांनीं तसें केलें नाहीं. एंजिनास दोष देण्यापूर्वीं एंजिन खरोखर किती जोर देत आहे हें मोजावें, असें त्यांनीं ठरविलें. दट्ट्याच्या यंत्रांत हें मोजण्याचें साधन होतें. टर्बाइनास तें लागू पडेना. तेव्हां त्यांनीं शाफ्टवरचा पीळ मोजणारें एक साधन स्वतः तयार केलें. शाफ्टवर जोर पडला म्हणजे पोलादही किंचित् पिळतें; तो पीळ मोजला व फेरे मोजले कीं शक्ति कळते. मोजून पाहतां कळलें कीं एंजिन निर्दोष आहे. जो जोर त्यानें द्यावयास हवा होता, तो तें देत होतें. तो जोर पंख्यापाशीं येऊन नाहींसा होत होता.

कां? ह्याचें उत्तर त्यांनीं एका टांकींत शोधलें. दोन इंच व्यासाचा एक इवलासा पंखा पाण्यांत फिरवावयाचा आणि प्रत्येक फेऱ्यास एकदांच त्यावर प्रकाशाचा झोत पाडावयाचा, म्हणजे फिरता पंखा डोळ्यांस स्थिर दिसतो. आणखी एक युक्ति त्यांनीं केली. पाणी उकळण्याच्या बेतास येईपर्यंत तापविलें, म्हणजे जो प्रकार समुद्रांत फार मोठ्या वेगावर घडतो, तो टांकींत थोड्या वेगावरच दिसावा. आणि तो दिसला. पात्याच्या मागील अंगास पाण्यांत पोकळ्या उठत होत्या. पातें इतक्या वेगानें कापीत जातें कीं त्याच्या पाठीमागें पाण्याचा दाब अगदीं उतरतो, आणि दाब उतरला म्हणजे थंड पाण्याचीही वाफ होते. वाफेच्या त्या फुग्यांत पंखा फिरतो. त्याची पाण्यावरील पकड सुटते. चिखलांत रुतलेलें गाडीचें चाक जागच्या जागीं गरगरतें, तसाच हा प्रकार.

न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं ही व्याधि ओळखणारे पार्सन्स एकटेच नव्हते. त्याच सुमारास थॉर्निक्रॉफ्ट ह्यांच्या कारखान्यांत बांधलेल्या 'डेअरिंग' ह्या विनाशिकेस हाच रोग जडला होता. तेथें पात्यांची रुंदी वाढवून तो बरा केला. ह्या व्याधीस जें नांव आजही इंजिनियरांच्या तोंडीं आहे, तें 'कॅव्हिटेशन', विल्यम फ्रूड ह्यांच्या पुत्रानें सुचविलें.

निदान झाल्यावर उपचारास विलंब लागला नाहीं. १८९६ सालीं 'टर्बिनिया'चें पहिलें एंजिन काढून टाकिलें आणि त्याच्या जागीं तीन टर्बाइनें बसविलीं. हीं मूळच्या, पेटंट परत मिळालेल्या जातीचीं होतीं. बॉयलरांतून निघालेली वाफ प्रथम पहिल्यांत, तेथून दुसऱ्यांत व मग तिसऱ्यांत जाई, आणि प्रत्येक ठिकाणीं आपला थोडा जोर ठेवून जाई. तिघांची मिळून शक्ति सुमारें २,००० अश्वशक्ति. प्रत्येकाचा शाफ्ट निराळा व प्रत्येक शाफ्टवर तीन तीन पंखे, एकूण नऊ. म्हणजे जोर वाढविला, पण त्याबरोबर तो पाण्यास देणारीं पातीं त्याहूनही अधिक वाढविलीं, जेणेंकरून कोणत्याही एका पात्यावर भार पडूं नये. मागें जाण्यासाठीं एक निराळें टर्बाइन ठेवावें लागलें, कारण टर्बाइन उलट फिरत नाहीं. सांगाडा तोच होता. १८९७ च्या एप्रिलांत प्रोफेसर यूइंग ह्यांनीं स्वतः नौकेवर बसून मोजणी केली, तेव्हां वेग ३२ नॉटांच्या वर भरला.

आतां जुबिलीची गोष्ट. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास साठ वर्षें झालीं म्हणून २६ जून १८९७ रोजीं स्पिटहेड येथें आरमाराची पाहणी झाली. दीडशेंहून अधिक युद्धनौका मैलोगणती रांगा धरून उभ्या होत्या. प्रिन्स ऑफ वेल्स राजनौकेवरून त्यांमधून गेले. देशोदेशींचे पाहुणे हजर होते. अशा त्या गंभीर समारंभांत ती शंभर फुटी नौका, धुराड्यांतून ज्वाळा टाकीत, रांगांमधून ताशीं तीस नॉटांहून अधिक वेगानें धांवत सुटली. सुकाणूवर ख्रिस्टोफर लेलंड होते आणि पार्सन्स खालीं यंत्राजवळ. पहाऱ्याच्या नौकांपैकीं एकीलाही ती सांपडेना. एक तर तिच्या लाटेनें जवळजवळ बुडण्याच्या बेतास आली असें सांगतात. हा केवळ आगाऊपणा होता कीं अधिकाऱ्यांपैकीं कोणाची आंतून संमति होती, ह्याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. मला वाटतें, थोडी संमति असल्यावांचून इतका आगाऊपणा कोणी करीत नाहीं.

पुढें सर्व सुरळीत झालें, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. नौदलासाठीं 'व्हायपर' व 'कोब्रा' ह्या दोन टर्बाइन विनाशिका १८९९ सालीं पाण्यांत उतरल्या. 'व्हायपर'नें चांचणींत ३६ नॉटांचा वेग ओलांडला. दोन्ही १९०१ सालीं नाहींशा झाल्या. 'व्हायपर' ऑगस्टांत धुक्यांत खडकांवर आपटली. तेथें मनुष्यहानि झाली नाहीं. पण 'कोब्रा' १८ सप्टेंबरला, टाइन नदींतून निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीं, उत्तर समुद्रांत मधोमध मोडून दोन तुकडे झाली. ६७ माणसें गेलीं, १२ वांचलीं. मृतांमध्यें पार्सन्स ह्यांच्याच कारखान्याचे व्यवस्थापक व कित्येक कारागीर होते. चौकशींत एंजिनावर दोष आला नाहीं. सांगाडाच इतर विनाशिकांच्या मानानें कमजोर होता, असा निर्णय झाला. एंजिनाचा विचार करतांना ज्या फळ्यांवर व ज्या कण्यावर तें बसावयाचें त्यांचा विचार किती जणांनीं केला, हें मीं त्या सायंकाळीं त्या तरुणांस विचारलें नाहीं. विचारावयास हवें होतें. तीस वर्षांपूर्वींच्या सागवानी होडीवर आतांचें सहा सिलिंडरचें एंजिन ठेवावयाचें, तर आंतील आडवीं लांकडें वाढवावीं लागतात, हें कोणताही सुतार सांगेल. पण सुतारास विचारतो कोण?

लोकांचा विश्वास हळूहळू परत आला. १९०१ सालीं क्लाइड नदीवर 'किंग एडवर्ड' ही पहिली टर्बाइन उतारू-नौका चालूं लागली. १९०६ सालीं 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका व १९०७ सालीं 'मॉरिटानिया' हें अटलांटिक महासागरावरील जहाज प्रवासास निघालें. हीं नांवें सर्वश्रुत आहेत, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाहीं. मला त्यांहून 'व्हेस्पेशियन' नांवाच्या एका सामान्य कोळशाच्या बोटीविषयीं अधिक आदर वाटतो.

अडचण अशी होती कीं टर्बाइनास झपाट्यानें फिरणें आवडतें आणि पंख्यास सावकाश फिरणें. शीघ्र नौकांत ही तडजोड कशीबशी जमे. मंद चालीच्या मालवाहू जहाजांत मुळींच जमत नसे. पार्सन्स ह्यांनीं दोहोंच्या मध्यें दांतेरी चाकें घालावयाचें ठरविलें. परंतु नुसतें सांगून जहाजवाल्यांस पटणार नव्हतें. म्हणून त्यांच्या कंपनीनें २७५ फूट लांबीची ही जुनी बोट विकत घेतली, आणि जें कोणीही घाईचा मनुष्य केला नसता तें केलें. बोटीचें दट्ट्याचें जुनें एंजिन काढण्यापूर्वीं तें संपूर्ण खोलून दुरुस्त केलें, नव्यासारखें केलें, आणि १९०९ सालीं त्यावर बोट चालवून पाण्याची व कोळशाची बारकाईनें मोजणी केली. त्यानंतर तें काढून टर्बाइन व दांतेरी चाकें बसविलीं. टर्बाइनाचे वीस फेरे होत तेव्हां पंख्याचा सुमारें एक होई. बॉयलर तेच, शाफ्ट तोच, पंखा तोच. १९१० सालीं पुन्हां मोजलें, तेव्हां इंधनांत शेंकडा सुमारें १५ ची बचत दिसून आली. ह्या बचतीविषयीं कोणास शंका घेतां येईना, कारण जुन्या एंजिनास आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधि दिलेली होती. पुढें ती बोट टाइनहून रॉटरडॅमला कोळसा नेऊं लागली. आपल्या होडींत एंजिन व शाफ्ट ह्यांमध्यें जी गिअरची पेटी असते, तिचें कामही हेंच: एंजिनाची घाई पंख्यापर्यंत पोहोंचूं द्यावयाची नाहीं.

पार्सन्स ११ फेब्रुवारी १९३१ रोजीं जमेका बेटाच्या किंग्स्टन बंदरांत जहाजावर असतांनाच वारले. त्यांचा एकुलता पुत्र १९१८ सालीं महायुद्धांत पडला होता. 'टर्बिनिया'स १९०७ सालीं, नदीच्या पलीकडून पाण्यांत सोडल्या जाणाऱ्या एका जहाजाची धडक बसली होती. पुढें तिचे दोन भाग करण्यांत आले व मागील भाग लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत गेला. नंतर ते पुन्हां जोडले, आणि १९९४ पासून ती न्यूकासल येथील डिस्कव्हरी संग्रहालयांत आहे. तेथें तिचे तीन शाफ्ट व पंखे आजही पाहावयास मिळतात.

त्या चार तरुणांचें काय झालें, हें विचारणारे विचारतीलच. मीं कर्जाच्या कागदावर शब्द लिहून दिला, पण दोन आठवड्यांनंतर. मधल्या काळांत एका जुन्या मिस्त्रीनें चारही होड्यांचे पंखे काढून मोजले. दोघांच्या पंख्यांचीं पातीं कडेनें खाऊन गेलीं होतीं. त्यांनीं नवे पंखे घातले, एंजिनें तींच ठेविलीं व कर्ज घेतलें नाहीं. तिसऱ्यानें मोठें एंजिन, नवा पंखा व नवा शाफ्ट असें तिन्ही घेतलें, आणि सुताराकडून आंतील लांकडें वाढवून घेतलीं. त्याचे हप्ते चालू आहेत. चौथ्यानें कोणाचें ऐकलें नाहीं. त्याचें जुनें एंजिन अजून देवळाच्या मागील भिंतीशीं ताडपत्रीखालीं झांकून ठेविलेलें आहे, आणि तो मला दर रविवारीं गिऱ्हाईक मिळालें का म्हणून विचारतो.